व्याप्ती नाही

“जिवंतासाठी की गेलेल्यासाठी?” अखु चुंगदाकनं विचारलं, आणि नमडोल म्हणाली, “गेलेल्यासाठी.”

एवढंच झालं. अखु हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतो. बौद्धनाथच्या स्तूपामागे त्याची दिव्यांची खोली आहे, तिच्यात दोन लांब पत्र्याच्या फळ्या, एकीवर जिवंत माणसांसाठी लावलेले दिवे आणि दुसरीवर मेलेल्यांसाठी लावलेले. कुणाचा दिवा कुठे जायचा हे ठरल्याशिवाय तो काडी ओढत नाही. नमडोल अनी, म्हणजे भिक्षुणी; दर पौर्णिमेला डोंगरावरच्या मठातून खाली उतरते, वडिलांच्या, वांग्दूच्या, नावानं एक दिवा लावते, आणि दर वेळी ‘जिवंतासाठी’ म्हणते. आज तिच्या डोक्यात परीक्षेचा पाठ घोळत होता, ओठ आपले आपण हलत होते, आणि त्या हलत्या ओठांतून भलताच शब्द निघून गेला. अखुनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “वांग्दूसाठीच ना, अनी-ला?” ती म्हणाली, “हो.” मग त्यानं दिवा पेटवला, मेलेल्यांच्या, उजव्या फळीवर ठेवला, आणि एरवीपेक्षा जरा जास्त वेळ हात जोडून उभा राहिला. अहो अखु-ला, चुकून बोलले, असं म्हणायला तेव्हा भरपूर वेळ होता. ती म्हणाली नाही. बाहेर येऊन प्रदक्षिणा घालणाऱ्यांच्या गर्दीत शिरली आणि चालू लागली.

चालता चालता तिला हसूही आलं, कारण मठाच्या अंगणात हे असं झालं असतं तर तिची धडगत नव्हती. तिथे वादविवादात उत्तर देणारीनं बसायचं आणि प्रश्न करणारीनं उभं राहायचं. बसलेलीनं एकदा ‘मान्य’ म्हटलं की ते विधान तिच्या गळ्यात पडलं. मग ते सांभाळ, नाहीतर सगळ्यांसमोर मोडून घे. मुकाट्यानं पदराआड लपवायची सोय नाही. मोडलं की समोरची उजव्या हाताची पाठ डाव्या तळव्यावर आपटते आणि ‘त्सा’ म्हणते, बघायला जमलेल्या सगळ्या जणी ओरडतात, आणि मग सगळ्या एकाच किटलीतला चहा पितात. नमडोलनं असे किती ‘त्सा’ खाल्ले असतील त्याची गणती नाही. ज्या घरात कुणी कधी आपली चूक कबूल करत नव्हतं त्या घरातून आलेल्या मुलीला हे पहिल्यांदा बघताना चक्कर आली होती. चूक दाखवतात आणि नंतर चहा देतात, याचंच तिला इतकं नवल वाटलं की ती तिथे राहिली ती राहिलीच. आणि आज तीच नमडोल ‘गेलेल्यासाठी’ असं मान्य करून गर्दीत तोंड लपवून चालली होती. कशावरून गेला? कोण म्हणतं? उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून तीच स्वतःला विचारत होती.

‘कशावरून’ हा शब्द तिला गेन थाब्खेंनी दिला. म्हातारे गुरुजी, पुढचे दोन दात पडलेले, तंबाखूची चिमूट नाकात ओढून शिंकायचे आणि शिंक झाल्यावरच शिकवायला लागायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “पांढरा घोडा पांढरा आहे?” सगळ्या पोरी एका सुरात म्हणाल्या, मान्य. “म्हणजे घोडा हा रंग आहे.” आणि लगेच, “रंग चारा खातो?” मग कुठे कळलं की घोड्याचा रंग पांढरा असतो, घोडा पांढरा नसतो, आणि एवढ्याशा फरकावर दुपारभर भांडता येतं. सगळी अंगणविद्या तीन तुकड्यांवर उभी असते, गेन-ला सांगायचे: कशाबद्दल बोलतेस, काय म्हणतेस, आणि कशावरून. जगातला कुठलाही वाद, राजाचा असो की भाजीवालीचा, या तीन तुकड्यांत बसवता येतो, आणि बसवला की त्यातली वाफ निघून जाते, मागे फक्त प्रश्न उरतो. तिथे उत्तरंही चारच. मान्य. का? हेतू असिद्ध, म्हणजे तू जे कारण देतेस तेच खरं नाही. आणि व्याप्ती नाही, म्हणजे कारण खरं असेल बाई, पण त्यावरून तुझं म्हणणं निघत नाही. चार उत्तरांत माणूस आयुष्य काढू शकतो, असं गेन-ला म्हणायचे, आणि त्यांनी काढलंही. एका हिवाळ्यात सकाळी त्यांनी पोरींना गच्चीवर नेलं आणि खोऱ्याच्या पलीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या डोंगराच्या कुशीतून पांढुरकं काहीतरी वर चढत होतं. नमडोलनं पुढे होऊन टाळी वाजवली आणि घोषणा केली, तिथे आग आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, व्याप्ती पक्की. गेन-लांनी शिंक येऊ दिली, नाक पुसलं, आणि म्हणाले, “तासभर बस.” तासाभरानं ऊन आलं आणि तिचा धूर विरून गेला. धुकं होतं. हेतू असिद्ध. त्या दिवसापासून तिला धुकं फार आवडायला लागलं. आपल्याला जे दिसलंच नव्हतं ते आपण किती खणखणीत आवाजात सांगत होतो, हे कळण्यातला आनंद तिला दुसऱ्या कशात कधी मिळाला नाही.

पा-ला, म्हणजे तिचा बाप, घरातून निघाला तेव्हा ती लहान होती, पण वाटी तिच्या पक्की लक्षात आहे. तिकडे सीमेपलीकडे गावी आजी आजारी होती, तिला बघून येतो म्हणून तो निघाला. निघताना आईनं त्याची लाकडी वाटी चहानं काठोकाठ भरली, त्यानं एक घोट घेतला आणि बाकीचा तसाच ठेवला, कारण प्रवासाला निघालेल्या माणसाची वाटी रिकामी ठेवत नाहीत. भरलेली वाटी त्याला परत ओढून आणते. त्यानंतर सीमेवरचे रस्ते बंद झाले, माणसं येईनाशी झाली, मग थोडी येऊ लागली, पण पा-ला त्यांच्यात नव्हता आणि त्याची खबर आणणाराही कुणी नव्हता. आई रोज सकाळी वाटी भरते आणि संध्याकाळी गच्चीवरच्या कुंडीत ओतते. त्या कुंडीतलं झाड लोण्या-मिठाच्या चहावर इतकी वर्षं कसं जगलं, हे बुद्धच जाणे. माणूस मेला की मात्र त्याची वाटी पालथी घालतात. लहानपणी खेळताना थोरल्या बहिणीनं, किझोमनं, एकदा ती वाटी पालथी घालून तिचा डोंगर केला, तेव्हा आईनं तिला जी थप्पड मारली तिचा आवाज नमडोलला अजून ऐकू येतो.

किझोम आता टोरोंटोला असते, तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करते आणि आपली म्हातारी तिसऱ्या मजल्यावर एकटी आहे म्हणून रडते. आई हिवाळ्यात जिन्यावरून पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती खाली उतरलेलीच नाही. पाव अखुची बायको आणून देते, पाणी खालचा भाडेकरू चढवतो. किझोमनं दोन वर्षं खटपट करून आईचे कागद मिळवले आणि त्यांची मुदत या महिन्यात संपते. आई तिला म्हणते, “नमडोल सांगेल ते. ती शिकलेली आहे. तुझा बाप गेला असं ती म्हणाली तर गेला, मी येते. नाहीतर मी इथून हलायची नाही. तो येईल आणि दाराला कुलूप बघेल?” किझोमनं फोन करून नमडोलला सांगितलं होतं, “म्हण ना बाई एकदा. तुझं काय जातं? इतकी वर्षं एक फोन नाही. जिवंत माणूस असं करेल?” तेव्हा नमडोलच्या तोंडून गेलं होतं, “व्याप्ती नाही, ताई.” म्हणजे तिला म्हणायचं होतं की फोन न करण्याची शंभर कारणं असतात, माणूस कोंडलेला असतो, भ्यालेला असतो, त्याला नंबर आठवत नाही. पण एवढं सगळं बोललं गेलं नाही, तेवढे दोन शब्दच गेले. “तुझ्या त्या अंगणात बोल हे,” किझोम म्हणाली आणि तिनं फोन आपटला. तिला पुन्हा फोन करायला महिना लागला. आज संध्याकाळी ती फोन करणार होती, आणि त्याआधी नमडोलनं आईला काय ते सांगायचं होतं.

प्रदक्षिणा पुरी झाली तरी ती थांबली नाही. सांगायचं काय, हे तिला मठातून निघतानाही माहीत नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती; पण जीभ उगाच घसरत नसते. ती जीभ खाली उतरतानाच तयार होऊन आली होती. गेला म्हणू, आई विमानात बसेल, तिथे तिचे गुडघे बघायला डॉक्टर आहेत, लिफ्ट आहे, मुलगी आहे. काय वाईट आहे त्यात? तिला गेन-लांचा पिशाच्चाचा धडा आठवला. “या खोलीत पिशाच्च आहे?” त्यांनी विचारलं होतं. एक पोरगी धीटपणे म्हणाली, “नाही, कारण मला दिसत नाही.” “एरवी तुला दिसतं?” सगळ्या जणी हसून लोळल्या होत्या. पण मग गेन-लांनी समजावलं होतं ते फार गंभीर होतं. टेबलावर किटली दिसत नाही, म्हणून किटली नाही, हे बरोबर, कारण असती तर दिसली असती. पण जे असलं तरी तुझ्या डोळ्यांना दिसणार नाही, ते दिसत नाही यावरून तू काहीही म्हणू शकत नाहीस. आहेही म्हणू शकत नाहीस आणि नाहीही. तिथे माणसानं हात जोडून थांबायचं. तेव्हा नमडोलला वाटलं होतं की हा माणूस तर्क शिकवत नाही, हा अदब शिकवतो. जिथवर दिसतं तिथवरच बोलायचं, पुढे पाऊल टाकायचं नाही, दुसऱ्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. डोंगरांच्या पलीकडचा पा-ला किटली नव्हता. तो दिसला नाही, एवढंच खरं होतं.

ती जिना चढून वर गेली तेव्हा खोलीत अजून उजेड होता. आई खाटेवर बसली होती, खाटेखालची जुनी बॅग बाहेर काढलेली होती, आणि देवांच्या फळीखालच्या बाकावर पा-लाची वाटी पालथी होती.

“ये,” आई म्हणाली. “चहा थर्मासमध्ये आहे.”

“कुणी सांगितलं?”

“अखुची बायको आली होती पाव घेऊन. पावासाठी आली आणि शोक करून गेली. चांगली रडली. माझ्याहून जास्तच रडली ती.” आईनं गुडघ्यावर फडकं घडी करून ठेवलं होतं, ते उलगडलं आणि पुन्हा घडी केलं. “मला वाटलं होतं, तू वर येऊन सांगशील. पण बरं झालं. तोंडावर सांगणं तुला जड गेलं असतं. किझोमला सांग, तिकीट काढ म्हणावं.”

नमडोल बाकाशी उभी राहिली. त्या वाटीचा तळ तिनं आजवर पाहिला नव्हता. लेथावर फिरवलेल्या रेषा होत्या, एका बाजूला पा-लानं कधीतरी चाकूनं कोरलेली फुली होती. सगळं झालं होतं. तिला खोटं बोलावं लागलं नव्हतं, काहीच बोलावं लागलं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की आई महिन्याअखेर विमानात. थर्मासमधला चहा ओतायचा, प्यायचा, आणि खिडकीतून कबुतरं बघायची. तिला आईकडे बघवेना. एका दुपारीत आईचा चेहरा रिकामा झाला होता. आत कुणी राहत नसलेल्या घरासारखा तो दिसत होता.

“एकच सांग,” आई म्हणाली. “कळलं कसं? तिकडून कुणी आलं होतं?”

हाच तो तिसरा तुकडा. कशावरून. उभं राहून टाळी वाजवून नाही, खाटेवर बसून, फडक्याशी खेळत, पण तोच. नमडोल खाली बसली, उत्तर देणारी बसते तशी, मांडी घालून जमिनीवर.

“हेतू असिद्ध, अमा-ला.”

“माणसात बोल.”

“कुणी आलं नव्हतं. मला काही कळलेलं नाही. अखु-लांनी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं. आणि गेल्यावर मी ते परत घेतलं नाही, कारण तू जावंस असं मला वाटत होतं.”

आईनं फडकं तिच्या अंगावर फेकलं. ते तिच्या मुंडलेल्या डोक्यावर पडलं आणि तिथेच राहिलं. “मी त्याची वाटी पालथी घातली,” आई म्हणाली. “माझ्या हातांनी. किझोमला मी एवढ्याशासाठी मारलं होतं. आणि आज तुझ्या जिभेपायी मी ती पालथी घातली.” तिचा आवाज फाटला होता, पण नमडोलला वाटलं, चेहऱ्यात माणूस परत आलं. “मग आता नीट सांग. आहे की नाही?”

“माहीत नाही.”

“इतकी वर्षं टाळ्या पिटून एवढंच शिकलीस?”

“एवढंच. पण हे माहीत नाही पक्कं आहे, अमा-ला. तो गेला म्हटलं तर कुणीही येऊन मोडेल. आहे म्हटलं तरी मोडेल. हे कुणी मोडू शकत नाही.” डोक्यावरचं फडकं तिनं काढलं आणि आईसारखंच घडी करत बसली.

“मग मी जात नाही. कळव तिला.”

“का?”

“का म्हणजे? मी गेले म्हणजे तो गेला.”

आईनं हे इतक्या सहज म्हटलं की पुढच्याच क्षणी ती शेगडीकडे बघायला लागली. पण नमडोल थबकली. इतक्या वर्षांचं सगळं घर या एका वाक्यात होतं. कशाबद्दल, तर पा-ला. काय म्हणते, तर गेला. कशावरून, तर मी इथून हलले. आई पा-लाची वाट बघत नव्हतीच. ती त्याला जिवंत ठेवत होती. एका वाटीनं, एका खोलीनं, मोडक्या गुडघ्यांनी ती त्याला डोंगरापलीकडे धरून बसली होती, आणि हात सोडला तर तो पडेल या भीतीनं जिनाही उतरत नव्हती. हे आपल्याला इतक्या वर्षांत कधी दिसलं नाही, याची नमडोलला लाज वाटली. आणि आज दिसलं ते त्या तीन तुकड्यांमुळे, म्हणून दात पडलेल्या त्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

“व्याप्ती नाही, अमा-ला,” ती हळूच म्हणाली. “तू खाली दूध आणायला जातेस तेव्हा तो मरतो का?”

“मी कुठे जाते दूध आणायला.”

“जात होतीस तेव्हा?”

आईनं खाटेवरची चादर सारखी केली.

“तू इथे बसलीस म्हणून तो जगला, असं नाही. तू गेलीस म्हणून तो मेला, असंही नाही. तो त्याच्या नशिबानं तिकडे आहे, नाहीतर नाही. त्याला धरून ठेवणं हे तुझं काम नाहीये. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तू आपलं अंगावर घेतलंस.”

“आणि आला म्हणजे?”

“अखु-लांना विचारेल. बौद्धनाथला आलेला प्रत्येक माणूस त्यांनाच विचारतो. आणि तुझ्याहून आधी त्यांच्या बायकोला कळेल.”

आईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ती बराच वेळ वाटीच्या तळावरच्या फुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तिकडे म्हणता तसं म्हण.”

“कसं?”

“उभी राहून. टाळी वाजवून. मठाच्या भिंतीवरून मी कितीदा बघितलंय, मला एक अक्षर कधी कळलं नाही. आज माझ्याबद्दल आहे, तर माझ्यासमोर म्हण.”

नमडोल उठली. जपमाळ तिनं कोपरापर्यंत सरकवली, डावा पाय पुढे घेतला, उजवा हात डोक्यामागे नेला. हजारदा केलेलं होतं, पण त्या छोट्या खोलीत, शेगडी आणि खाट यांच्यामध्ये, तिला ते पहिल्या दिवसासारखं नवं वाटलं. “पा-ला हा विषय. तो गेलेला आहे, कारण अमा-ला टोरोंटोला गेली,” ती म्हणाली, आणि तिची टाळी खाडकन वाजली. खिडकीतली कबुतरं उडाली. डावा हात तळवा खाली करून पुढे राहिला, सगळ्या अधोगतीचं दार दाबून धरल्यासारखा. उजवा वर गेला. “व्याप्ती?”

खाटेवर बसलेली आई उत्तर देणारी होती. तिनं ओठ ओले केले. हात गुडघ्यांवर घट्ट होते.

“नाही,” आई म्हणाली. मग जरा मोठ्यानं, भिंतीवरून ऐकलेला सूर आठवून, “व्याप्ती नाही.” आणि रडायला लागली.

रडणं पोटभर झालं. नमडोलनं तिला रडू दिलं. मग आई हातानंच बाक धरून उठली, वाटी उलटी करून सरळ केली, आतून पुसली, तिच्यात चहा ओतला, एक घोट स्वतः घेतला, जो तिनं आजवर कधी घेतला नव्हता. उरलेला कुंडीत टाकून यायला सांगितलं आणि वाटी बॅगेत शालीच्या घडीवर ठेवली, तोंड वर करून. “तिकडे भरायची म्हटली तरी चालते ना?” तिनं विचारलं. चालते, नमडोल म्हणाली. याला तिच्याकडे कुठलाच हेतू नव्हता आणि तिनं तो शोधलाही नाही. तेवढ्यात किझोमचा फोन आला. आईनंच घेतला. “तिकीट काढ,” ती म्हणाली. “आणि ऐक, तुझा बाप गेलेला नाही. आहे असंही नाही. ते बहिणीला विचार, मला नीट सांगता येत नाही. ठेव आता, मला खाली जायचंय.”

जिना उतरायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. दर पायरीला आई दोन्ही पाय टेकवून थांबत होती आणि जिना बांधणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार करत होती. स्तूपाभोवती दिवेलागण झाली होती, प्रदक्षिणेची गर्दी वाढली होती, आणि इतक्या महिन्यांनी आईला बघून ओळखीच्या बायका हात धरून विचारपूस करत होत्या. दोघीतिघींनी तर सांत्वनही केलं. आई प्रत्येकीला म्हणाली, “अजून ठरलेलं नाही,” आणि पुढे चालू लागली. अखु दिव्यांच्या खोलीत वाती वळत बसला होता. आईला दारात बघून तो उठलाच.

“वांग्दूचा दिवा उचल तिथून,” आई म्हणाली.

उजव्या फळीवर तो अजून जळत होता, तूप तळाशी गेलं होतं. अखुनं तो फडक्यात धरून उचलला आणि डाव्या फळीकडे वळला.

“तिकडेही नको.”

“मग?” अखुनं दोघींकडे पाहिलं. “फळ्या दोनच आहेत. जिवंतासाठी की गेलेल्यासाठी?”

“माहीत नाही,” आई म्हणाली. नमडोलच्या मनात आलं, मठात इतकं स्वच्छ उत्तर तिला एकदाही देता आलं नव्हतं.

“अगं पण ठेवू कुठे?”

आईनं दोन्ही हात पुढे केले. “इकडे दे.”

अखुनं दिवा तिच्या तळव्यांवर ठेवला. पितळ तापलेलं होतं, तिनं तोंड वाकडं केलं, पण हात मागे घेतले नाहीत. तिथेच, दोन फळ्यांच्या मधे, ती दिवा धरून उभी राहिली. गुडघे थरथरत होते म्हणून नमडोलनं तिला मागून दोन्ही दंडांना धरलं, आणि तूप संपेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.